नागपाडा ते देवनार : माणसांचा अपव्यापार आणि विद्यापीठाचे दार

१

१९३६ हे साल आपण 'जातिनिर्मूलना'चे साल म्हणून लक्षात ठेवले आहे. त्याच वर्षी मुंबईत आणखी दोन गोष्टी घडल्या. त्या एकत्र ठेवून त्यांचा विचार क्वचितच झाला आहे.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर ठाकरसी सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्या सभेत भाषण केले. धर्मांतराला पाठिंबा देण्यासाठी ही सभा भरली होती आणि समोर बसलेल्यांत कामाठीपुऱ्यातल्या स्त्रिया होत्या. बाबासाहेबांनी त्यांना गोंजारले नाही. आमच्याबरोबर यायचे असेल तर हे जिणे सोडा, सोडायचे नसेल तर समाजाचा तुमच्याशी संबंध राहणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पोट कशावर भरायचे हे मी सांगणार नाही, त्याला शेकडो वाटा आहेत, असेही त्यांनी स्पष्ट केले.

दुसरी गोष्ट कामाठीपुऱ्याला अगदी लागून असलेल्या नागपाड्यात घडली. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने चालवलेल्या नागपाडा नेबरहूड हाऊसमध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. पुढे तिचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे आजची 'टिस', असे झाले. १९५४ साली ती देवनारला गेली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेब या स्त्रियांना 'तुम्ही' म्हणून प्रश्न विचारत होते, त्याच वर्षी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा 'त्या' म्हणून अभ्यास करणारी विद्या जन्माला येत होती. पहिल्या भूमिकेत कठोरपणा होता, पण समोरच्या स्त्रीला निर्णय घेता येतो असा विश्वासही होता. दुसऱ्या भूमिकेत करुणा होती, शिस्तशीर अभ्यास होता. मात्र ती स्त्री कायम टेबलाच्या पलीकडे बसलेली होती. माणसांचा अपव्यापार रोखण्यासाठी विद्यापीठाने केलेल्या कामाची चिकित्सा या फरकावरून केली पाहिजे. 'किती जणींची सुटका झाली' हा एकच आकडा त्यासाठी पुरेसा नाही. तिची मुलगी विद्यापीठाच्या दारातून विद्यार्थिनी म्हणून आत येऊ शकते का, हा खरा निकष आहे.

२

टीका करण्यापूर्वी कामाचे मोल मान्य केले पाहिजे. आपल्याकडची बहुतेक विद्यापीठे सामाजिक प्रश्नांवर परिसंवाद भरवतात, ठराव करतात आणि फराळ करून घरी जातात. टिसने तसे केले नाही. तिथे 'क्षेत्रीय कृतिप्रकल्प' ही रीत रुजली. विद्यापीठातील विभागानेच वस्तीत, तुरुंगात, न्यायालयात काम उभे करायचे आणि त्यातून शिकवायचे, अशी ही रीत आहे. १९९० साली तेथील गुन्हेगारीशास्त्र विभागातून 'प्रयास' हा प्रकल्प सुरू झाला. प्रा. विजय राघवन यांचे नाव या कामाशी दीर्घकाळ जोडलेले आहे. आर्थर रोड तुरुंगातल्या तरुण कैद्यांपासून सुरुवात झाली. नंतर स्त्री-कैदी, त्यांची मुले आणि धाडीत पकडून शासकीय वसतिगृहात आणलेल्या स्त्रिया इथपर्यंत काम पसरले. वकील मिळवून देणे, घरच्यांचा पत्ता शोधणे, सुटल्यावर राहण्याची आणि रोजगाराची सोय पाहणे असे हे काम आहे. सुटून आलेल्या माणसाला सामाजिक संस्थांत विद्यावेतनावर उमेदवारी मिळवून द्यायची, ही त्यांची एक योजना मला विशेष वाटते. पापड आणि शिवणयंत्र यांच्यापलीकडे पुनर्वसनाची कल्पनाच न गेलेल्या आपल्या राज्यात ही गोष्ट लहान नाही.

टिसमध्ये शिकलेल्या प्रीती पाटकर यांनी १९८६ साली कामाठीपुऱ्यात 'प्रेरणा' ही संस्था उभी केली. आई धंद्यावर असताना मुलांनी रात्री जायचे कुठे, या साध्या प्रश्नाला तिथल्या रात्र-निवाऱ्याने उत्तर दिले. याच संस्थेच्या याचिकेवर २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाने दंडक घालून दिले. सुटका झालेल्या अल्पवयीन मुलीला आरोपीसारखे दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे नाही, काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक म्हणून बालकल्याण समितीपुढे न्यायचे. दलालाच्या वकिलाने त्याच मुलीचा वकील म्हणून उभे राहायचे नाही. हे दुसरे कलम वाचले की त्यापूर्वी काय चालत होते ते कळते. मुलगी सोडवून आणायची आणि दलालाच्याच वकिलाने तिला न्यायालयातून परत घेऊन जायचे, असा तो व्यवहार होता.

तेव्हा ही मंडळी कागदी नाहीत. त्यांच्या कामाची चिकित्सा शत्रूच्या कामाची चिकित्सा म्हणून करण्याचे कारण नाही. पण सद्भावना ही चिकित्सेपासून सवलत मिळवण्याची पावती होऊ शकत नाही.

३

पहिला प्रश्न 'सुटका' या शब्दाचा आहे. १९५६ सालचा कायदा, ज्याचे नाव १९८६ साली अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा असे झाले आणि ज्याला गल्लीत 'पिटा' म्हणतात, त्याच्या सतराव्या कलमानुसार धाडीत आणलेल्या स्त्रीला दंडाधिकारी एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवू शकतो. त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याकडून तिच्या वयाची, चारित्र्याची, पूर्वेतिहासाची आणि आईबाप तिला सांभाळण्यास लायक आहेत की नाहीत याची चौकशी होते. मदतीसाठी पाच 'प्रतिष्ठित' व्यक्तींची समिती नेमण्याची तरतूद आहे. त्यांत शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात. 'प्रतिष्ठित' या एका शब्दात सगळी समाजव्यवस्था सामावली आहे. कोण प्रतिष्ठित, हे गावात कोण ठरवते ते आपल्याला सांगायला नको. आणि समाजकार्याची पदवी हा शहरात अशा प्रतिष्ठेचा एक दाखला झाला आहे.

ज्याने माणूस विकत घेतला तो जामिनावर सुटतो आणि जिला विकले ती कुलपात राहते, ही या कायद्याची उफराटी रीत आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत मोठ्या धाडी पडल्या, चारशेहून अधिक मुली सुधारगृहांत कोंबल्या गेल्या. त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. २०१२ साली मानखुर्दच्या नवजीवन महिला वसतिगृहातून स्त्रिया पळून गेल्या. ज्या घराला 'नवजीवन' म्हणायचे त्या घराच्या भिंतीवरून माणसे उड्या मारतात, तेव्हा चूक उडी मारणाऱ्याची मानायची की घराची?

आणखी एक उदाहरण तपशिलाने पाहू, कारण त्यात जात उघडपणे पुढे आली. २०१९ साली मालाडमध्ये तीन सज्ञान तरुणींना पोलिसांनी पकडले. त्या बेडिया समाजाच्या होत्या. या समाजात मुलींना धंद्याला लावण्याची रूढी आहे, म्हणून आईबापांच्या ताब्यात देणे हिताचे नाही, असे म्हणून त्यांना संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश झाला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. वेश्याव्यवसाय करणे हा स्वतः गुन्हा ठरत नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. मे २०२२ मध्ये बुद्धदेव कर्मासकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही अशा स्त्रियांच्या प्रतिष्ठेबद्दल निर्देश दिले आणि संरक्षणगृहांत मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची पाहणी करायला सांगितले.

मालाडच्या प्रकरणातली तर्कपद्धती विद्यापीठीय लोकांनी डोळ्यांत तेल घालून वाचावी. शासनाच्या कागदावर एरवी जात दिसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात मानवी व्यापाराचे तक्ते असतात. त्यांत वय आहे, लिंग आहे, व्यापाराचा हेतू आहे, पण जात नाही. मात्र त्या मुलीला कुलपात ठेवण्याची वेळ आली की जात एकदम आठवते. हक्काच्या रकान्यात जात नाही आणि कैदेच्या कारणांत ती आहे. बेडिया, कंजर, नट या जमातींवर ब्रिटिशांच्या काळी 'गुन्हेगार' असा शिक्का बसला. त्याच शाईचा हा नवा शिक्का आहे.

४

दुसरा प्रश्न अहवालांच्या भाषेचा आहे. आपले त्रैमासिक वाङ्मयाचे आहे आणि अहवाल हेही एक प्रकारचे वाङ्मयच असते. त्यात निवेदक असतो, पात्रे असतात, मौन असते. या विषयावरील अहवाल वाचताना काही शब्द वारंवार भेटतात : बळी, लाभार्थी, क्लायंट, केस, असुरक्षित कुटुंब, उगमक्षेत्र. गंगा उगम पावते तशा मुली कोठून तरी उगम पावतात आणि वाहत मुंबईला येतात, असा भास 'उगमक्षेत्र' या शब्दाने होतो. त्या 'क्षेत्रा'त जमीन कोणाच्या नावावर आहे, पाणवठा कोणाचा आहे, मुलगी देवाला सोडताना हळदकुंकू कोण वाहते आणि पहिल्या रात्रीचे पैसे कोण मोजते, हे त्या शब्दाखाली दडपले जाते. 'असुरक्षित कुटुंब' म्हटले की कुटुंबाचाच काही दुबळेपणा असावा असे वाटते. त्याला असुरक्षित कोणी केले हा प्रश्न व्याकरणातच गळून जातो.

विजय तेंडुलकरांनी १९८१ साली 'कमला' हे नाटक लिहिले. बाजारात बाई विकत मिळते हे सिद्ध करण्यासाठी एक पत्रकार बाई विकत घेतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. कमला त्याचा पुरावा असते. पुरावा सादर झाला की तिचे काम संपते. नाटकाची मर्यादा अशी की त्याचे लक्ष लवकरच पत्रकाराच्या पांढरपेशा पत्नीच्या जागृतीकडे वळते आणि कमला जिथून आली तिथल्या अंधारात परत जाते. पण पुराव्याचा हा प्रश्न विद्यापीठालाही लागू आहे. मुलाखतीतला तिचा हुंदका प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात जातो, प्रबंधाला पदवी मिळते, पदवीला नोकरी मिळते. या साखळीत तिला काय मिळते? 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा याच वस्तीतला माणूस स्वतःच्या जिभेने बोलू लागला होता. त्याला नमुना-निवड, प्रश्नावली ठाऊक नव्हती. पण त्या वस्तीचे ज्ञान मराठीला त्याने दिले. ज्ञान कोण निर्माण करतो, हा प्रश्न त्या दिवशीच उभा राहिला आणि विद्यापीठाने अजून त्याचे उत्तर दिलेले नाही.

अहवालाचे सामर्थ्य आणि धोका हे दोन्ही डान्सबारच्या प्रकरणात दिसले. २००५ साली महाराष्ट्र शासनाने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्सबारवर बंदी घातली. मुलींचा अपव्यापार थांबवणे, हे एक कारण सांगितले गेले. पण तीन आणि त्याहून अधिक तारांच्या हॉटेलांना बंदीतून वगळले होते. श्रीमंतापुढे केलेला नाच संस्कृती आणि टॅक्सीवाल्यापुढे केलेला नाच अनीती, असा त्या कायद्याचा अर्थ होता. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने स्त्री-संघटनांसह सुमारे ५०० बारनर्तिकांशी बोलून अभ्यास केला. 'प्रयास'चाही अभ्यास न्यायालयीन वादात चर्चेला आला. २००६ साली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. बंदीने सुमारे ७५ हजार स्त्रियांचा रोजगार गेला आणि त्यांतल्या अनेकींना देहविक्रयाकडे वळावे लागले, याची दखल न्यायालयाला घ्यावी लागली. अपव्यापार रोखण्याच्या नावाने केलेल्या कायद्याने बाजाराला माल पुरवला!

अहवाल एकदा न्यायालयात गेला की त्याचा उपयोग कोण कशासाठी करील, हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही. म्हणून लिहितानाच सावध असावे लागते. समीना दलवाई यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात या बंदीची उकल जातीच्या अंगाने केली. बारमध्ये नाचणाऱ्या कित्येक स्त्रिया परंपरेने नाचगाण्यावर जगणाऱ्या जाती-जमातींतल्या होत्या, हे त्यांनी मांडले. ज्या जातींना व्यवस्थेने नाचायला लावले, त्या जातींच्या स्त्रिया त्याच नाचाचे दोन पैसे अधिक मिळवू लागल्या तेव्हा व्यवस्थेला नीती आठवली. ही गोष्ट २००५ सालीच उघडपणे म्हणायला हवी होती.

५

विद्यापीठ आपला भिंग उलटा फिरवते तेव्हा काय होते, याचेही उदाहरण टिसनेच दिले आहे. बिहार शासनाने राज्यातल्या निवारागृहांचे सामाजिक लेखापरीक्षण टिसच्या 'कोशिश' या प्रकल्पाकडे सोपवले. शंभरहून अधिक संस्था पाहून त्यांनी २०१८ च्या वसंतात अहवाल दिला. मुजफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर लैंगिक अत्याचार होत असल्याचे त्यातून बाहेर आले. वैद्यकीय तपासणीत ३४ मुलींवरचे अत्याचार स्पष्ट झाले. खटला दिल्लीत चालला आणि २०२० साली मुख्य आरोपीला आमरण जन्मठेप झाली. ते बालिकागृह शासनाच्या पैशावर चालत होते. तपासणीचे अधिकारी तिथे येत होते, नोंदवह्या भरल्या जात होत्या. तरीही मुलींशी निवांत बोलायला कोणी बसले नव्हते. विद्यापीठाची माणसे बसली आणि मुली बोलल्या.

यातला धडा साधा आहे. विद्यापीठ जेव्हा बाईची तपासणी करते तेव्हा ते शासनाचा हात होते. जेव्हा ते शासनाच्या घराची तपासणी करते तेव्हा ते लोकांचा डोळा होते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक संरक्षणगृहाचे असे लेखापरीक्षण दरवर्षी व्हावे आणि त्याचा अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा, अशी मागणी आपण का करू नये?

६

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. घटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी या दोहोंना एकाच वाक्यात मनाई केली. ही जोडणी महत्त्वाची आहे. शरीराचा बाजार आणि श्रमाचा बाजार यांचे मूळ एकच आहे, हे त्या वाक्यात सुचवलेले आहे. घटना परिषदेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा के. टी. शहा यांनी धर्माच्या नावाने मुली देवदासी म्हणून वाहण्याचा स्पष्ट उल्लेख त्यात करावा, अशी दुरुस्ती मांडली. मद्रासमध्ये कायदा झालेलाच आहे, मग घटनेत हा जुना कलंक कशाला कोरून ठेवायचा, अशा धर्तीचा युक्तिवाद होऊन ती फेटाळली गेली. पुढचा इतिहास असा की कर्नाटकाला १९८२ साली आणि महाराष्ट्राला २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध पुन्हा कायदे करावे लागले. मुंबई इलाख्यात तर १९३४ पासूनच कायदा होता. सौंदत्तीच्या वाटेवरून कामाठीपुऱ्यात येणारी मुलगी कोणत्या जातीची असते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. ते लिहायचे नव्हते.

आता ते लिहिले गेले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला देवदासी म्हणून वाहणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. उलट, दंड संहितेत २०१३ साली आलेल्या आणि आता भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात गेलेल्या मानवी व्यापाराच्या व्याख्येत सक्तीच्या मजुरीचा नावानिशी उल्लेख नाही. म्हणून 'पिटा'खाली धाड पडते, पण वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोडीच्या उचलीत अडकलेल्या जोडप्याला अपव्यापाराचे बळी कोणी म्हणत नाही. विद्यापीठाच्या कामाचा झोत लालबत्तीवरच का खिळून राहिला, याचे एक उत्तर इथे आहे. लालबत्तीतली बाई मध्यमवर्गीय नीतीला टोचते; कोयत्याची बाई त्याच्या चहात साखर घालते.

विद्यापीठातल्या कायदा आणि समाजकार्य विभागांना दोन कामे ताबडतोब करता येतील. एक, सुटका झालेली स्त्री दलित-आदिवासी असेल आणि गुन्हा त्यात बसत असेल, तर फिर्यादीत अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लागले की नाही हे पाहणे आणि न लागल्यास भांडणे. दुसरे काम जातीच्या दाखल्याचे आहे. कामाठीपुऱ्यात जन्मलेल्या मुलीला दाखल्यासाठी बापाच्या बाजूचे कागद मागतात. बापाचे नावच नाही, तर त्याचे कागद कोठून आणायचे? त्यात आई कर्नाटक किंवा आंध्रातून आलेली असेल, तर स्थलांतरितांबद्दलच्या नियमांमुळे महाराष्ट्रातल्या सवलतींना ती मुकते. अनुसूचित जातीसाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि जिची आजी ट्रकमधून रात्री आणली गेली तिने तो द्यायचा! ज्या जातीमुळे आई विकली गेली, ती जात मुलीला शिष्यवृत्तीच्या अर्जावर सिद्ध करता येत नाही. यापेक्षा क्रूर विनोद कोणता? २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने आंतरजातीय विवाहातील अपत्याची जात यांत्रिकपणे बापाचीच धरता येणार नाही, वाढ कोणत्या समाजात झाली हे पाहावे लागेल, असे म्हटले आहे. त्या धाग्यावरून या मुलींसाठी वाट काढता येईल. हे काम प्रबंधापेक्षा अवघड आहे आणि अधिक विद्यापीठीय आहे.

७

दाखला मिळाला तरी दार उघडेच असते असे नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत टिसचे विद्यार्थी संपावर गेले होते. केंद्राच्या शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि भोजनाच्या शुल्कात मिळणारी सवलत काढून घेण्याच्या निर्णयाविरुद्ध तो संप होता. जून २०२४ मध्ये शंभरहून अधिक अध्यापक-कर्मचाऱ्यांना देणगीदाराचा निधी आला नाही म्हणून कमी केल्याच्या नोटिसा निघाल्या, आणि दोन-तीन दिवसांत त्या मागे घ्याव्या लागल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका दलित पीएच.डी. विद्यार्थ्याला राजकीय कृतींबद्दल दोन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. उच्च न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये निलंबन उचलून धरले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते भोगलेल्या काळापुरते कमी करून त्याला अभ्यास पूर्ण करण्याची मुभा दिली.

या घटनांचा अपव्यापाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. दलित स्त्रीला 'लाभार्थी' म्हणून जवळ करणे सोपे असते, कारण लाभार्थी मेसचे बिल मागत नाही आणि मोर्चाला जात नाही. दलित विद्यार्थी विद्यापीठाला प्रश्न विचारतो. ज्या संस्थेला लाभार्थी चालतो आणि प्रश्न विचारणारा चालत नाही, तिच्या करुणेत वरून खाली पाहण्याची सवय अजून शिल्लक आहे. शिवाय, ज्या कामावर बायकांचे आयुष्य टांगलेले आहे ते देणगीदाराच्या वार्षिक करारावर चालवणे ही त्या बायकांचीही फसवणूक आहे.

८

आपल्या चळवळीलाही या आरशात पाहावे लागेल. बाबासाहेबांच्या १९३६ च्या भाषणातला पहिला भाग आपण उचलला आणि अब्रूच्या नावाखाली या स्त्रियांकडे पाठ फिरवली. शेकडो वाटा आहेत, हा दुसरा भाग मात्र तसाच राहिला. त्या वाटा मोकळ्या करणे हे चळवळीचे काम होते. सत्तरीच्या दशकात गडहिंग्लज-निपाणी भागात देवदासींच्या परिषदा भरल्या, जटा कापल्या गेल्या, निर्वाह-भत्त्याची मागणी झाली. सत्यशोधक आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी ते काम केले. आपल्या राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्यांत तो विषय फारसा आला नाही. १९९६ साली सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. या स्त्रिया म्हणतात, आम्हाला वाचवायला येऊ नका, आमचे ऐका. जातीने लादलेल्या धंद्याला 'निवड' म्हणणे आपल्याला पटत नाही, आणि पटू नये. बाकी सगळी दारे बंद करून एक उघडे ठेवायचे आणि त्यातून जाणाऱ्याने ते निवडले म्हणायचे, हे वर्णव्यवस्थेचेच तत्त्वज्ञान आहे. पण याचे उत्तर तिला कुलपात ठेवणे हे नव्हे. बंद दारे उघडणे हेच उत्तर आहे. तोपर्यंत तिचे म्हणणे ऐकावे लागेल आणि ऐकताना तिच्या पंक्तीला बसावे लागेल.

तेव्हा शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच. या विषयावरचा पुढचा अहवाल हातात आला की तो मागून वाचा. लेखकांची यादी पाहा. तिच्यात गोलपिठ्याची, सौंदत्तीच्या वाटेवरच्या गावाची, बेडिया वस्तीची मुलगी आहे का? मुलाखत घेणाऱ्यांत आहे का? ज्या समितीने अहवाल मंजूर केला तिच्यात आहे का? ती फक्त परिशिष्टातल्या तक्त्यात असेल, तर नागपाड्याहून देवनारला जायला विद्यापीठाला अठरा वर्षे लागली, पण देवनारहून परत कामाठीपुऱ्यात पोचायचे अजून बाकी आहे असे समजावे. ते अंतर तिच्या मुलीने विद्यार्थिनी म्हणून, संशोधक म्हणून, अध्यापक म्हणून चालत यायचे आहे. तिच्या वाटेतले दाखल्याचे, शुल्काचे आणि शिस्तभंगाच्या नोटिशीचे धोंडे हलवणे, हे अपव्यापाराविरुद्धचे काम आहे, आणि ते आपल्यापैकी प्रत्येकाला आपापल्या महाविद्यालयाच्या फाटकापासून सुरू करता येण्यासारखे आहे.